आई, इरकल काप

सातारा,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही दोघे आठ दिवस येथे राहून सांगलीला परतलात, त्याला आता तीन आठवडे होत आले. या दिवसांत फोन रोज झाला. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वहिनीच्या शाळेतील परीक्षा, परसदारच्या शेवग्याला आलेला बहर, सगळे बोलून झाले. परंतु आई, मागच्या गुरुवारी फोन ठेवता ठेवता तू जे बोललीस, त्याला मला उत्तर देता आले नाही. तू म्हणालीस, "मुलांना आता ब्लँकेटच बरी वाटत असतील, मग गोधड्यांसाठी सासूबाईंचं इरकल लुगडं उगीच कशाला कापू?" मी "बघू" असे काहीतरी पुटपुटले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

तुला असे का वाटले, ते मला ठाऊक आहे. येथे असताना माझ्या साड्यांच्या घड्या कपाटात ठेवायला तू गेलीस, तेव्हा सर्वांत वरच्या फळीवर थोरल्याची गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसह बांधून ठेवलेली तुला दिसली. तू पिशवीला हात लावला नाहीस, मला काही विचारलेही नाहीस. त्या रात्री मात्र मुलांच्या अंथरुणाशी बसून गोष्ट न सांगता लवकर आडवी झालीस. लेकीच्या घरी आपली गोधडी अडगळीत पडली, असेच तुझ्या मनात आले असणार. आई, ती अडगळीत पडली नव्हती. मी ती भीतीने लपवून ठेवली होती. त्या भीतीचे मूळ २०१९ च्या ऑगस्टमध्ये आहे.

तेव्हाचे काही तुम्हाला सांगायचे नाही, तुम्ही ते भोगले आहे. बाबा, तुम्ही दर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहून ठेवत आला आहात. धोक्याची पातळी ४५ फूट, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ होते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. तुम्ही आजीची पत्र्याची ट्रंक तेवढी माडीवर नेलीत, कारण तीच आधी हाताला लागली, असे तुम्ही नंतर सांगितलेत. खालच्या खोलीतल्या घडवंचीवरच्या वाकळा राहून गेल्या. पाणी ओसरल्यावर मी आले, तेव्हा आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, उशा, वाकळा यांचे चिखलाने माखलेले ढीग लागले होते. सुती कापडाच्या आठ-दहा थरांत पाणी आणि गाळ शिरला, की एक वाकळ दोन माणसांना उचलवत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. दादाने आणि मी आपल्या अकरा वाकळा एकेक करून फरफटत बाहेर नेल्या. त्यात आजीच्या हातच्या चार होत्या आणि दादाच्या थोरलीसाठी तू शिवलेली होती. दोन आम्ही तीनतीनदा धुऊन गच्चीवर घातल्या, पण आत सूर्य पोचला नाही, वास गेला नाही, आणि शेवटी त्याही ढिगावर टाकाव्या लागल्या.

आई, त्या वेळी तुझ्या हातची पुराआधीची एकच गोधडी या जगात उरली होती. २०१६ मध्ये बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची यांच्यासोबत तू दिलेली, माझ्या थोरल्याची. ती साताऱ्यात होती म्हणून वाचली. घरी परतल्यावर मी ती तीन वर्षांच्या पोराच्या अंगावरून काढली आणि कपाटात ठेवून दिली. त्याने दोन रात्री ती मागितली, मग तो विसरला. मी त्याला मऊ ब्लँकेट आणून दिले. आपण फार मोलाची वस्तू जपून ठेवली आहे, अशा समाधानात मी सहा वर्षे काढली.

तुम्ही गेल्यावर मी ती पिशवी सोडली. गोधडी फरशीवर पसरली तेव्हा जेथे जेथे घडी होती तेथे पिवळट रेघ उमटलेली दिसली, आणि मधल्या घडीवर, दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी, नुसता अंगठा फिरवला तरी वरचे कापड विरले. तेथील दोरा तुटून दोन टाके उसवले होते. बाकी सगळी गोधडी धड होती. तीन वर्षे पोराने अंगावर घेतली, ओढली, चोखली, कितीतरी वेळा ओली केली, कितीतरी वेळा ती धुतली गेली, तरी त्याने कुठे काही झाले नव्हते. जे नुकसान झाले ते मी घडी घालून हवा कोंडून ठेवल्याने झाले. लहानपणी दरवर्षी घटस्थापनेआधी तू आणि काकू दसरा काढताना घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे कृष्णेच्या घाटावर नेऊन आपटून धूत होतात, पायऱ्यांवर वाळवत होतात आणि परत घडी घालताना मुद्दाम वेगळ्या जागी घडी मोडत होतात. तो मोड का बदलायचा हे मी तेव्हा विचारले नव्हते. आता कळले, आणि फार उशिरा कळले याचे मला मनापासून वाईट वाटते. आई, माझी चूक झाली.

गोधडी मी दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवली. नंतर ती थोरल्याला दिली, आणि पुढचे दोन तास तो आणि त्याचे बाबा तिच्याभोवती बसून होते. त्याला शाळेत घरातील हाताने केलेल्या एका वस्तूविषयी लिहून न्यायचे होते. त्याने फूटपट्टी घेतली. लांबी १०५ सेंटिमीटर, रुंदी ८० सेंटिमीटर. तुझा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन असा मध्याकडे जातो, आणि दोन ओळींत दीड सेंटिमीटरहून कुठेही जास्त अंतर नाही. एका वितीत, म्हणजे वीस सेंटिमीटरमध्ये, त्याला पंचवीस टाके सापडले. मग बापलेकांनी गुणाकार केला. सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर साधारण छप्पन्न मीटर दोरा चालतो आणि टाके होतात सात हजारांच्या घरात. थोरल्याने हा आकडा वहीत लिहिला आणि आईच्या आईने हे सात हजार टाके दुपारी जेवणे झाल्यावर घातले, असेही खाली लिहिले. ते त्याला मी सांगितले होते. एक ते चार ही तुझी वेळ, सोप्यात सतरंजी अंथरून, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवून ताणलेले थर, एका वेळी चार-पाच टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा, आणि चार वाजता चहाचे आधण ठेवण्यासाठी उठायचे, हे सगळे मला जसेच्या तसे दिसते. त्या उन्हाळ्यात घरात लग्न होते, पापड-कुरडया व्हायच्या होत्या, आणि तरीही माझ्या सातव्या महिन्यापर्यंत गोधडी पुरी झाली होती.

आता ती थोरला रोज अंगावर घेतो. नऊ वर्षांच्या मुलाला ती गुडघ्यापर्यंतच येते, म्हणून पायांवर ब्लँकेट आणि पोटावर गोधडी असा त्याचा थाट असतो. विरलेल्या जागी मी ठिगळ लावले आहे. पुढे ती अगदीच विरली तर, माझ्या पाळण्यातल्या गोधडीचे तू जे केलेस तेच करू. तिला मोठ्या वाकळेच्या पोटात घालू.

यावरून मी इरकलाकडे येते. आजीचे हे लुगडे ट्रंकेत होते म्हणून पुरातून वाचले आणि तेव्हापासून तू ते दरवर्षी काढतेस, ऊन दाखवतेस आणि परत ठेवतेस. हेही माझ्या कपाटासारखेच होत आहे, आई, असे मला वाटते. रागावू नकोस. लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. टोप पदराचा भाग रेशमी आणि निसरडा, त्यावर टाका बसत नाही, तो बाजूला काढला तर सुती अंग सात मीटरच्या आसपास राहते. त्याचे पावणेदोन मीटरचे चार तुकडे होतात आणि आपली नातवंडे चार आहेत: दादाची दोन, माझी दोन. प्रत्येकाच्या गोधडीची वरची बाजू आजीच्या लुगड्याची होईल, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. खालच्या बाजूला तुझी जुनी सुती पातळे लावता येतील. पदराच्या चार पट्ट्या करून प्रत्येक गोधडीच्या उशाकडच्या कडेला लावाव्यात, म्हणजे अंधारातही उशाची बाजू हाताला कळेल.

मधल्या थरांचे कापड मी जमवते आहे. बाबांचे पांढरे सदरे तुझ्याकडे आहेतच. हळदीच्या पेढीवर तीस वर्षे दिवाणजी म्हणून बसल्याने त्यांच्या बाह्यांना जी पिवळी झाक आली आहे, ती कितीही धुतली तरी जाणार नाही. ते सदरे काढून टाकू नकोस, मला ते आत हवे आहेत. माझ्याकडून तीन सुती चादरी, मुलांची झबली आणि यांचे दोन जुने लेंगे येतील. तू सांगितल्याप्रमाणे प्रत्येक कापडाचा एकेक धागा काढून काडीने जाळून पाहिला. कागदासारखा जळून राख झाला तो ठेवला, वितळून मणी झाला तो बाजूला काढला. माझ्या आवडीची एक साडी त्यात बाद झाली. राहिलेले सगळे कापड खळ जाईपर्यंत धुऊन, कडकडीत वाळवून ठेवले आहे, म्हणजे नंतर आटून गोधडीला सुरकुत्या पडणार नाहीत. इरकलाच्या तांबड्या काठाचा रंग उतरतो का ते मात्र तू मिठाच्या पाण्यात बुडवून पाहा. त्यातले मला कळत नाही.

पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू बेळगावच्या. त्यांना थोरल्याची गोधडी दाखवली तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे हिला कौदी म्हणतात. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी यांतही हाच साधा धावदोरा असतो. आपल्याकडे मात्र नक्षी काढायची नाही, थर एकमेकांना धरून राहिले पाहिजेत, एवढेच आजी सांगायची.

आता तुझ्या डोळ्यांविषयी. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले, डावा अजून व्हायचा आहे. चार गोधड्या म्हणजे, थोरल्याच्या हिशेबाने, छप्पन्न हजारांवर टाके होतील, कारण या आकाराने दुपटीहून मोठ्या आहेत. ते तू एकटीने घालावेत असे मी म्हणणार नाही, आणि तू घाई करावीस अशीही माझी इच्छा नाही. या हिवाळ्यात एक झाली तरी पुरे. ओळींतले अंतर दोन बोटांचे झाले तरी चालेल. कडेच्या ओळी तू घाल, कारण कोपरा वळवताना थर सरकू न देणे मला अजून जमत नाही. मधल्या ओळी मी आणि वहिनी घालू. बाबांनी सकाळचा चहा झाला की दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात, म्हणजे दुपारी तुझे अडणार नाही. तुम्ही ते पूर्वी करत होतात, बाबा, आणि गाठ फार बारीक मारत होतात, ती जरा मोठी मारा, आतल्या थरातून निसटते.

एक मागणे मात्र आहे. धाकटीने तिच्या स्वतःच्या गोधडीवर टाके घालायचा हट्ट धरला आहे. ती सहा वर्षांची आहे, तिचे टाके लांबआखूड आणि वाकडे होतील, आणि रात्री सगळे झोपल्यावर ते उसवून तू सरळ घालशील, हेही मला माहीत आहे. मी शिकत असताना तू तसेच केले होतेस आणि सकाळी मला माझी ओळ सापडली नव्हती. धाकटीची ओळ उसवू नकोस. तिच्यासाठी पायाकडच्या बाजूला हातभर जागा मोकळी ठेव.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने मी आणि मुले येत आहोत. हे रविवारी रात्री गाडीने येतील आणि सोमवारी पहाटे आम्हाला परत आणतील. कापडाचे बोचके माझ्यासोबत असेल. धाकटीसाठी बोथट टोकाची सुई आणि तुझ्यासाठी बोटात घालायची पत्र्याची नवी टोपी मी मोती चौकातून घेतली आहे, जुनी तुला सैल होते असे तू म्हणाली होतीस. इरकल शनिवारी सकाळी उन्हात घालून ठेव, पण कात्री मी आल्यावर लाव. पहिला तुकडा कापताना कापडाचे दुसरे टोक मला धरायचे आहे.

दादा-वहिनीस नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

कळावे,
तुमची
ताई