लिव्हरपूलच्या लेखात लिडेल राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबवरील लेख आवडला. मात्र डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँकली व्यवस्थापक म्हणून आले तेव्हाच क्लबचा इतिहास सुरू झाला, असा जो ग्रह त्यातून होतो तो दुरुस्त व्हावा, म्हणून हे पत्र. त्याआधीच्या दशकात ज्यांच्यामुळे लोक या क्लबला गमतीने ‘लिडेलपूल’ म्हणत, त्या खेळाडू बिली लिडेल यांचे नाव लेखात कुठेच नाही.

लिडेल यांचा जन्म १९२२ मध्ये स्कॉटलंडमधील डनफर्मलिनजवळच्या टाउनहिल येथे एका खाणकामगाराच्या घरी झाला. १९३८ मध्ये क्लबने त्यांना बोलावले, तेव्हा मुलाचे हिशेबनिसाचे शिक्षण थांबता कामा नये, अशी अट आईवडिलांनी घातली. ती क्लबने मान्य केली आणि लिडेल कारकीर्दभर कार्यालयातील नोकरी सांभाळून खेळले. (आपल्याकडे खेळाडूला बँकेत चिकटवून घेतात, तसला हा प्रकार नव्हता, ते खरोखरच हिशेब लिहीत.) इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या पगारावर तेव्हा कमाल मर्यादा होती. ती जानेवारी १९६१ मध्ये उठली आणि त्याच वर्षी लिडेल निवृत्त झाले!

ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. हवाई दलात ते नॅव्हिगेटर होते. क्लबकडून पहिला अधिकृत सामना खेळले ते जानेवारी १९४६ मध्ये, वयाच्या चोविशीच्या उंबरठ्यावर. पुढच्याच हंगामात लिव्हरपूलने लीग, म्हणजे इंग्लंडमधील वरच्या श्रेणीची साखळी स्पर्धा, जिंकली. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९५० मध्ये एफ. ए. कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून हार झाली आणि १९५४ मध्ये तळाला राहून संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. बत्तिशीतले लिडेल क्लब सोडून गेले नाहीत. उलट १९५५ मध्ये बेलफास्टला उर्वरित युरोपविरुद्ध ग्रेट ब्रिटनचा संघ उतरला, तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या या आघाडीच्या फळीतील खेळाडूची निवड झाली. उर्वरित युरोपविरुद्धच्या १९४७ आणि १९५५ अशा दोन्ही सामन्यांत ब्रिटनकडून खेळणारे दोघेच, एक लिडेल आणि दुसरे स्टॅन्ली मॅथ्यूज.

फेब्रुवारी १९५६ मधील एक प्रसंग तर लेखात यायलाच हवा होता. अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्ध एफ. ए. कपचा फेरसामना चालला होता आणि लिव्हरपूल १-२ असे मागे होते. अखेरच्या क्षणी लिडेल यांचा फटका जाळ्यात गेला आणि प्रेक्षकांनी बरोबरीचा जल्लोष केला. परंतु चेंडू गोलरेषा ओलांडण्यापूर्वीच पंचांची शेवटची शिट्टी झाली होती. गोल ग्राह्य धरला गेला नाही आणि त्या वर्षीचा कप सिटीने नेला.

क्लबसाठी ५३४ सामने आणि २२८ गोल एवढी नोंद मागे ठेवून लिडेल निवृत्त झाले, त्यानंतर वर्षभरात, १९६२ मध्ये, शँकलींच्या संघाने दुसरी श्रेणी जिंकून वरची श्रेणी गाठली. लेखाचा उत्तरार्ध येणार असल्यास दुसऱ्या श्रेणीतल्या त्या आठ वर्षांसाठी त्यात एक परिच्छेद असावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे