एका 'न'बद्दल आभार

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. म्हणून 'झेरॉक्सच्या दुकानातल्या ताई' एवढंच म्हणतो. पेठेतले लोक ओळखायचे ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

त्या गुरुवारी मी तुमच्या काउंटरवर आलो तेव्हा हातात पेनड्राइव्ह होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं. आमच्या वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर शनिवारी सकाळी प्रेसमध्ये द्यायचा होता. ११२ पानं. मुद्रितशोधनासाठी एकच फाइल चुकून दोघांना गेली (चूक माझीच), दोघांनीही मन लावून काम केलं आणि माझ्याकडे आल्या दोन फाइली: 'अंतिम सुधारित' आणि 'अंतिम नवीन'. कोणी काय बदललं ते कळायला मार्ग नाही.

बुधवारी रात्री आम्ही दोघांनी जुन्या छापखान्यातली पद्धत करून पाहिली होती. हिनं एका प्रतीतून मोठ्यानं वाचायचं, मी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून पाहायचं. साडेअकरापर्यंत ३१ पानं झाली आणि हिचा घसा बसला.

तुम्ही दोन्ही फाइली वर्डच्या 'रिव्ह्यू'मधल्या 'कम्पेअर'मध्ये, म्हणजे दोन फाइलींतले फरक दाखवणाऱ्या सोयीत, टाकल्यात. मला वाटलं, सुटलो. बाजूच्या पट्टीवर आकडा आला २,३१६. पडदा लालेलाल. मी मटकन स्टुलावर बसलो. तुम्ही एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड लॅमिनेट करता करता म्हणालात, "काका, एवढे बदल कोणी केलेले नाहीत. ह्यात कचरा फार आहे."

मग 'मोअर'चं बटण दाबून खालची यादी उघडलीत आणि 'फॉरमॅटिंग' आणि 'व्हाइट स्पेस' यांच्यापुढच्या खुणा काढून टाकल्यात. एकानं अख्ख्या फाइलीचा फॉन्ट बदलला होता, दुसऱ्याला पूर्णविरामानंतर दोन स्पेस द्यायची सवय. तेवढ्यानंच आकडा हजाराच्या खाली आला. मधल्या वीसेक पानांत एकानं ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल खुणेनं दाखवत ठेवणारी सोय) चालू ठेवलं होतं, तेही तेव्हाच निघालं. असे बदल वर्ड मान्य धरूनच तुलना करतं, म्हणून ती पानं तुम्ही आधी वेगळी बघून घेतलीत. मी एकटा असतो तर समोर आलेल्या चौकटीवर 'येस' दाबून मोकळा झालो असतो.

पण खरी गंमत पुढे. 'कर्मचाऱ्यांनी' हा शब्द लाल रेघेनं खोडलेला आणि त्याला लागून पुन्हा 'कर्मचाऱ्यांनी'. मी चष्मा पुसला. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं जिथल्या तिथे. तुम्ही हसलात. रफारासारखा डोक्यावर न चढणारा हा आपला मराठी आडवा 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, हे मला साठी उलटल्यावर तुमच्याकडून कळलं. एक तर खाली टिंब असलेल्या 'र'चा पाय मोडायचा, नाहीतर साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. एकानं मोबाइलवर दुरुस्त्या केल्या होत्या, दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर. डोळ्यांना शब्द एक, यंत्राला दोन. 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'नोकऱ्या' सगळीकडे तेच. 'ॲ'चंही तसंच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून भागवायचे आणि अजूनही कित्येक जण तसंच करतात.

तुम्ही दोन्ही फाइलींत टिंबवाला 'र' शोधून त्याजागी दुसरा घातलात. मी शहाणपणानं विचारलं, उलट का नाही? तर म्हणालात, उलट शोधताना ते न दिसणारं चिन्ह निसटलं तर 'सूर्य'सुद्धा तावडीत सापडतो. शंभराव्या वर्षाच्या स्मरणिकेपर्यंत पुरेल एवढं ज्ञान मिळालं.

आकडा ६३ वर आला. मी उठायला लागलो तर तुम्ही अडवलंत: "मूळ फाइल कुठाय? ह्या दोघी बहिणी आहेत, आई आणा." फरक कुठे आहे ते ह्या दोन फाइली सांगतील, पण बदललं कोणी ते मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय कळणार नाही. मूळ फाइल मी पाठवलेल्या ईमेलमध्ये होती. ती उघडून दिल्यावर तुम्ही तिच्याशी एकेकीची गाठ घातलीत.

त्या ६३ पैकी निम्म्याहून जास्त स्वल्पविराम होते. त्यांची चर्चा करत नाही, आमचे दोन्ही मुद्रितशोधक अजून एकमेकांशी बोलत नाहीयेत. एका ठिकाणी पानशेतच्या पुराची तारीख '१२ जुलै १९६१'ची '१२ जून' झाली होती. पुण्यातल्या वाचनालयानं, ज्याच्या तळमजल्यावरची पुस्तकं त्या पाण्यात गेली त्या वाचनालयानं, हे छापलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि पान ४७. वाचनालयाचे जुने हिशेबनीस, आता हयात नाहीत. मूळ वाक्य: 'त्यांनी मानधन न घेता पंधरा वर्षं हिशेब ठेवले.' एका प्रतीत तसंच. दुसरीत कोणाच्या तरी बोटाखाली 'न' गेला आणि राहिलं 'मानधन घेता पंधरा वर्षं'. हे पान बुधवारच्या ३१ पानांत नव्हतं, पण असतं तरी हिनं वाचताना 'न' आपसूक म्हटला असता आणि मी ऐकलाही असता. प्रकाशनाला त्यांची मुलगी नाशिकहून येणार आहे. पडद्यावर तो एकच 'न' लाल होऊन बसला होता. तुम्ही काही न बोलता त्यावर बोट ठेवलंत.

नऊ पानांच्या प्रिंटचे १८ रुपये घेतलेत. दोन तासांचे काय, विचारल्यावर "पुढचं गिऱ्हाईक उभं आहे, काका," म्हणालात.

ऋणनिर्देशाचं पान तोवर छापायला गेलं होतं, म्हणून हे पत्र. तुमची प्रत वाचनालयात माझ्या खणात ठेवली आहे, ४७व्या पानावर खूण घालून. संध्याकाळी सहा ते आठ मी असतो. दुकान बंद करून आलात तर चहा घेऊनच जायचं.

तुमचा,
वाचनालयाचा कार्यवाह