मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना कायम दिवसपाळी हवी

महोदय,

तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या रोजगाराची चर्चा बहुधा ‘त्यांना काम कोण देणार’ या प्रश्नापाशीच थांबते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) उत्तम काम करतो. त्याला कोल्हापूर परिसरात काम अनेकदा मिळाले, मात्र टिकले नाही. कामात कसूर झाली म्हणून नव्हे, तर कधी रात्रपाळीमुळे आणि कधी सोबतच्या माणसांच्या वागण्यामुळे ते सुटले.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील अनेक कारखान्यांत पाळ्या आलटून पालटून लागतात. या आजारावरील बरीच औषधे गुंगी आणणारी असल्याने ती रात्री घ्यावी लागतात. रात्रपाळी आली की एक तर गोळी चुकते किंवा चालू यंत्रासमोर डोळे मिटू लागतात. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजारात, झोप मोडणे हेच पुष्कळदा उन्मादाचा झटका येण्याचे निमित्त ठरते. अशा कामगाराला कायम दिवसपाळी देण्यास कारखान्याला फारसा खर्च येत नाही.

माणसांचे वागणे बदलणे मात्र अधिक कठीण आहे. भावाने एकदा जॉबच्या, म्हणजे यंत्रावर घडवायच्या भागाच्या, मापातील फरक दाखवून दिला, तेव्हा सुपरवायझरने सर्वांसमोर विचारले, “आज गोळी घेतली न्हाईस काय?” माप खरोखरच चुकलेले होते. त्यानंतर त्याने पगाराबद्दल विचारले तरी तो आजार, गप्प बसला तरी आजार, असेच सगळे धरून चालू लागले आणि चहाच्या सुट्टीला त्याला कोणी हाक मारीना. आजाराची माहिती कारखान्यात द्यावी की दडवावी, हा पेच आम्हा शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, म्हणूनच पडतो. माझ्या मते ती एकाच जबाबदार व्यक्तीला द्यावी आणि त्रास वाढल्याची चिन्हे कोणती, अशा वेळी कोणाला फोन करायचा, हे कामगाराशी बोलून आधीच ठरवावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे आणि कलम २१ नुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. आपल्याकडील किती कारखान्यांच्या सूचनाफलकावर ते दिसते? शासकीय सेवेतील ४ टक्के आरक्षणात मानसिक आजाराला स्वतंत्र वाटा नाही. ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सर्वांना मिळून १ टक्का आहे. त्यामुळे आमच्या माणसांची खरी भिस्त खासगी उद्योगांवरच राहते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात विकसित झालेल्या ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ या पद्धतीत रुग्णाला वर्षानुवर्षे प्रशिक्षणात न अडकवता थेट नेहमीच्या नोकरीत बसवतात आणि रोजगार साहाय्यक उपचार करणाऱ्या चमूसोबत राहून त्याला व मालकाला मदत करीत राहतो. केवळ दिव्यांगांसाठी चालवल्या जाणाऱ्या संरक्षित कार्यशाळांपेक्षा या मार्गाने नोकऱ्या अधिक मिळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्थेमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारी माणसे कोल्हापूरला १९८४ पासून परिचित आहेत, त्यामुळे हा विचार येथे रुजणे अवघड नाही. औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटनांनी येथील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोलून निदान काही कारखान्यांत असा रोजगार साहाय्यक नेमावा आणि सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाने त्याची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

— एक शुभंकर भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर