अक्कलदाढेचे संमतीपत्र मराठीत आणि आदल्या दिवशी मिळावे

महोदय,

कॉलेजात शिकणाऱ्या मुलांची अक्कलदाढ काढणे आता इतके नेहमीचे झाले आहे की हिरडीला चीर देऊन, हाड कोरून, दाढेचे तुकडे करून केलेल्या या उपचाराला शस्त्रक्रिया म्हणायलाही कोणी तयार नसते. माझ्या २२ वर्षांच्या मुलीची खालची उजवी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. वर्षभरात तीनदा हिरडी सुजली, तोंड उघडेना, तेव्हा ती काढण्याचा सल्ला आम्ही मानला आणि तो योग्यच होता. तक्रार पुढची आहे.

ठाण्यातील एका दवाखान्यात भूल देण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी तिच्यासमोर इंग्रजी संमतीपत्र ठेवून सही घेण्यात आली. खालच्या जबड्यातून जाणारी नस ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवते, अक्कलदाढेची मुळे कित्येकदा तिला अगदी खेटून असतात, आणि ती दुखावली तर ओठ काही आठवडे, काही महिने, क्वचित कायमचा बधिर राहू शकतो, हे आम्हाला समजले ते दुसऱ्या दिवशी, चहा ओठावरून ओघळला तरी तिला कळेना तेव्हा. संवेदना परतायला अडीच महिने लागले. मुळे नसेजवळ दिसल्यास सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून खात्री करता येते. धोका मोठा असेल तर मुळे जागीच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग काढण्याचाही पर्याय असतो. यांतले काहीच आमच्या कानावर घातले गेले नाही.

तिच्या वरच्या जबड्यात अक्कलदाढेमागे आणखी एक चिमुकली, जादा दाढ होती. तीही त्याच वेळी काढल्याचे आम्हाला बिलावरून कळले! अशा दाढेमुळे शेजारची दाढ अडकू शकते, तिच्याभोवती पाण्याची गाठ होऊ शकते, म्हणून ती काढणे कदाचित योग्यही असेल. पण त्रास न देणाऱ्या दाढेवर अधूनमधून एक्स-रे काढून नुसते लक्ष ठेवणे हाही मान्य मार्ग आहे, आणि निवड माझ्या मुलीची होती. एका उपचारासाठी दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसेल तर, दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच स्पष्ट केले आहे.

राज्य दंत परिषदेने आणि ठाणे, नवी मुंबईतील दंतवैद्यांनी एक पानाचे मराठी संमतीपत्र तयार करावे, अशी माझी विनंती आहे. कोणती दाढ काढायची, का काढायची, नस किती जवळ आहे, न काढल्यास काय होईल आणि शस्त्रक्रिया कोण करणार, एवढे त्यात लिहिलेले असावे. माझ्या मुलीची डावी अक्कलदाढही आडवीच आहे. ती काढायची वेळ येईल तेव्हा ते पान आदल्या दिवशी आमच्या हाती असावे.

— एक पालक, चरई, ठाणे