अठ्ठावन्न कोड

बार्शी,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू नीट पोचलास हे ताईच्या फोनवरून कळलं. मला फोन केला नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सोमवारी पहाटे मी जागाच होतो. दाराची कडी वाजली, आजी "जपून जा रे" म्हणाली तेही ऐकलं. उठतो, उठतो म्हणेपर्यंत गाडीची वेळ होऊन गेली. अठरा वर्षांत तू पहिल्यांदा घर सोडून चाललास आणि मी स्टँडवर आलो नाही.

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं. पण मधेच गिऱ्हाईक येतं, सूत तुटतं. शिवाय तू अर्धं वाचून फोन खाली ठेवशील अशी भीती वाटली. म्हणून वही घेऊन बसलोय. वरच्या आळीतला संदीप शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे डब्याबरोबर हे पाकीट देईन.

आधी एक सांगून टाकतो. ग्रहणाच्या रात्री मामासमोर मी तुला चोर म्हणालो. तो शब्द मी परत घेतो. मामालाही तसं फोन करून सांगितलंय. आजी आत जप करत बसली होती, तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, ते बरोबरच केलं तिने.

पैशांबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. १६,४०० रुपये. त्याहून जास्त तर आपलं झेरॉक्सचं मशीन दोनदा बिघडलं तेव्हा गेले. पैसे भरून निघतील.

पण ओंकार, खेळासाठी गूगल प्लेचे अठ्ठावन्न कोड! मी कोड काढायच्या पोर्टलवरचं ऑक्टोबरपासूनचं स्टेटमेंट काढून पेनने टिकमार्क करत गेलो. आधी शंभराचे चोवीस, मग दोनशेचे दहा, बारावीची परीक्षा संपल्यावर पाचशेचे चोवीस. सगळे एकाच नंबरवर, त्या जुन्या सिमवर, जे मी तुला आठवीत ऑनलाइन शाळेसाठी दिलं होतं. एकदा हात चुकला असता तर मी समजलो असतो. अठ्ठावन्न वेळा तू काउंटरच्या आत आलास, माझ्या शेजारी उभा राहिलास, कोड टाकलास, मेसेज पुसलास आणि कोड शंभर-दोनशेचे होते तोवर संध्याकाळी वहीत झेरॉक्सच्या खाली तेवढेच रुपये कमी लिहिलेस. आणि मी इतके महिने तुझ्या आईला सांगत होतो की पोरं आता पीडीएफच पाठवतात, झेरॉक्सचा धंदा बसला.

बघ, पुन्हा तेच लिहायला लागलो.

तू चार-पाच वर्षांचा असताना दुकानात रिचार्जची कागदी कुपनं असायची. दहाची, तीसची, पन्नासची. वैरागकडून, पांगरीकडून बाजाराला आलेली माणसं कुपन घ्यायची आणि "पोराकडून खरडून घ्या" म्हणायची. तू स्टुलावर उभा राहून एक रुपयाच्या नाण्याने ती चंदेरी पट्टी खरडायचास आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायचास, सात, शून्य, चार. नऊ आणि सहामध्ये गोंधळायचास, मग कुपन उलटं धरून पुन्हा बघायचास. आकडे तू शाळेत नाही शिकलास, त्या कुपनांवर शिकलास. एक म्हातारी तर तू झोपला असलास तर उठेपर्यंत बाकावर बसून राहायची. तुझ्या नखांत ती चंदेरी भुकटी अडकलेली असायची, आई जेवायच्या आधी ब्रशने हात घासायची.

दोन सप्टेंबर २०२०ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात तुझं पबजी होतं. तू रात्री जेवला नाहीस. मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. मग २०२१च्या जुलैमध्ये तोच खेळ भारताचं नाव लावून आला. तुझं वय भरत नव्हतं म्हणून पालकाच्या फोनवर ओटीपी आला. तो मी तुला वाचून दाखवला, हातातलं गिऱ्हाईक न सोडता. त्याच महिन्यात तुझा चौदावा वाढदिवस होता. गूगल प्लेचा शंभराचा पहिला कोड मीच तुला भेट म्हणून काढून दिला. तू मला मिठी मारलीस. नववीनंतर तू मिठी मारायचं सोडलंस, म्हणून ती लक्षात आहे.

तेव्हा तो कोड म्हणजे काय हे मी फक्त विकणाऱ्याच्या बाजूने जाणत होतो. शंभरामागे दोन-अडीच रुपये सुटतात, आणि मुलं रांग लावतात. आता संदीपला समोर बसवून सगळं समजून घेतलं. कोड टाकला की पैसा प्लेच्या खात्यात जातो. तो परत बँकेत येत नाही, दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही. तिथून त्याचे यूसी, म्हणजे खेळातले पैसे, होतात. साठचा पॅक, तीनशे पंचवीसचा, सहाशे साठचा. हवी ती वस्तू त्या पॅकमध्ये नेमकी बसत नाही. थोडे कमी पडतात किंवा थोडे उरतात. उरले की वाया जातील म्हणून पुढचा पॅक. आणि त्या पेट्या! पेटी उघडायची, आत काय आहे ते आधी माहीत नाही. बंदुकीला बर्फाचा रंग यावा म्हणून पेट्यांवर पेट्या. पोराने यूपीआयने पैसे भरले तर बापाच्या फोनवर बँकेचा मेसेज तरी येतो. दुकानातून रोख देऊन कोड घेतला की घरात कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागू नये म्हणूनच पोरं माझ्या दुकानात यायची, हे मला इतकी वर्षं दिसलं नाही.

आजोबांचं तुला माहीत आहे ना? गुरुवारी त्यांचं पान वाढलं, तेव्हा आजी वाढता वाढता थांबली होती. पांगरीचं दोन एकर कशात गेलं हे तिने तुला सांगितलं असेल. सांगितलं नसेल तर मीही इथे लिहीत नाही. एवढंच, की कल्याण मटक्याच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या ते देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवायचे. आजीला सापडल्या तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तिने आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तू मेसेज पुसत होतास हे कळलं तेव्हा मला तो पाट दिसला. म्हणून माझा आवाज तेवढा चढला. तू आजोबांसारखा आहेस असं मला म्हणायचं नाही. तसं समजू नकोस.

खरं म्हणजे तू कसा आहेस हे मला त्याच स्टेटमेंटने सांगितलं. दिवाळीच्या आधी ते पेन्शनर काका आले होते, आठवतं? फोन कानाला लावलेला, पाचशेचे वीस कोड मागत होते. मी दोन काढूनही दिले. ते तिथेच उभे राहून फोनवर वाचून दाखवायला लागले. तू आतून आलास, त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद केलास. म्हणालास, "काका, कुठलीही बँक, कुठलाही साहेब गिफ्ट कार्डावर पैसे मागत नाही. हे चोर आहेत." मग सायबर फसवणुकीची १९३० हेल्पलाइन लावून दिलीस, त्यांच्याजवळ बसून राहिलास, पाणी आणून दिलंस. फोनवर सांगून झालेल्या दोन कोडचे हजार गेलेच, पण नऊ हजार वाचले. मी त्या दिवशी दुकान बंद करताना आईला तीनदा ती गोष्ट सांगितली. शाळेत पहिला आलास तेव्हा जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा झाला होता.

आता स्टेटमेंट बघताना तोच दिवस समोर आला. संध्याकाळी सात चाळीसला शंभराचा एक, तुझ्या नंबरवर. मी ते पान मिटून ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

तिथे हॉस्टेलवर तुला विचारणारं कुणी नाही. अठरा पूर्ण झाल्यावर खेळाची रोजची मर्यादा तीन तासांची सहा तास होते, असं संदीप म्हणाला. खेळ म्हणून मी तुला अडवत नाही. चार पोरं मिळून खेळतात, हसतात, ते मी पाहिलंय. पण पैसे संपले की फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. ती आधी फोनमधले सगळे नंबर घेतात, मग वसुलीसाठी घरच्यांना, मित्रांना फोन लावतात, घाण फोटो बनवून पाठवायची धमकी देतात. दुकानात असे दोघे येऊन गेलेत नवीन सिम मागायला, एक तर लग्न झालेला माणूस होता, काउंटरवर रडला. टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत कोड मिळतात म्हणतात, ते कुणाच्या तरी चोरलेल्या कार्डातून आलेले असतात. तू यातलं काही करशील असं माझं म्हणणं नाही. करून बसलास तर तू सांगणार नाहीस, याची मला भीती आहे. रात्री दोनला फोन कर. कितीही रक्कम असो. मी आधी शिव्या देईन, मग निघेन.

नाही, शिव्याही देणार नाही.

पुन्हा भाषण झालं. आई म्हणते तसं मी पत्रातही काउंटरवर उभा राहिल्यासारखा बोलतो. माफ कर.

ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन खेळांचा कायदा झाला तेव्हा मला वाटलं, सुटलो. रमीच्या, टीम लावायच्या जाहिराती दोन दिवसांत गेल्या. पण कोड मागणारी पोरं दुसऱ्या दिवशीही आलीच. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ तेवढे बंद झाले, कपडे आणि बंदुका विकत घ्यायचे खेळ त्यात येत नाहीत. म्हणजे जे काही करायचं ते मलाच करायला हवं. बुधवारपासून शाळेच्या पोरांना मी कोड देत नाही. घरचं मोठं माणूस घेऊन या, म्हणतो. सहावीतला एक पाचशेची चुरगळलेली नोट घेऊन आला होता. मी विचारलं, कुणी दिली? तो पळाला. किती वर्षं न विचारता मी नोट सरळ करून गल्ल्यात टाकत होतो.

आता पिंट्याचं.

हे शेवटी लिहायचं म्हणून ठेवलं होतं. सगळं पत्र मी याच्याच भोवती फिरतोय.

पाडव्यानंतर गल्ल्यात सारखे पाचशे-पाचशे कमी यायला लागले तेव्हा मी पिंट्याला काढलं. तू तिथे होतास. हेडफोनच्या रॅकपाशी उभा राहून तू वायरी गुंडाळत होतास. तो म्हणाला, "शेठ, आईची शपथ, मी नाही घेतले." मी म्हणालो, "मग पैसे पाय फुटून गेले का?" त्याने तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मदतीसाठी बघतोय. आता वाटतं, त्याला माहीत असावं. तरी तो बोलला नाही. दोन वर्षं त्याने दुकान झाडलं होतं, तुझ्या परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत एकटा थांबत होता. महिना सहा हजारांवर.

तू तेव्हा बोलला असतास तर मी मारलं असतं कदाचित. माझ्या हाताची भीती तुला लहानपणापासून आहे, आणि ती मी घातलीय. पण तू चार महिने माझ्यासमोर जेवत होतास. पिंट्याची आई भाजी मंडईत दिसली की मी रस्ता बदलायचो, तू सोबत असायचास. एकदाही कसं तोंडाशी आलं नाही? की आलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघून गिळलंस? हे मला खरंच जाणून घ्यायचंय. रागाने विचारत नाही.

काल मी त्याच्या घरी गेलो होतो. तो आता एका कापड दुकानात कामाला आहे. त्याच्या आईने पाट टाकला, चहा दिला. मी तिच्यासमोर सांगितलं की चूक माझी झाली, पैसे माझ्याच घरात गेले होते. तुझं नाव घेतलं नाही. तिला कळलं असेल. एप्रिल आणि मेचा पगार पाकिटात घालून नेला होता, तो तिने घेतला नाही. पिंट्या उंबऱ्यात उभा होता. निघताना त्याने एकच विचारलं, "ओंकार गेला का पुण्याला? मेस चांगली मिळाली का?" मला उत्तर देता आलं नाही. मेसचं तू मला सांगितलंच नाहीयेस.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत आणि ज्वारीच्या कडक भाकरी. आजीची चटणी वेगळ्या बरणीत आहे, झाकण घट्ट लाव. फीचा दुसरा हप्ता मंगळवारी भरतो, त्याची काळजी करू नकोस. मोबाइलचं दुकान वर्षभर मी एकटाच बघेन म्हणतो. दिवाळीला आलास तर हिशेबाची वही तुझ्यापासून लपवणार नाही, जिथे असते तिथेच असेल.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पिंट्याला फोन कर. त्याचा नंबर जुनाच आहे.

तुझा,
अण्णा