खिळे जुळवणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

माळ्यावरून काढून दिलेलं गाठोडं अजून पुरतं वाचून झालेलं नाही. एकेक कागद काढते, वाचते, पुन्हा घडी घालून ठेवते. 2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कृष्णा शिरली, तेव्हा माझ्या कथा छापणाऱ्या साप्ताहिकाचे माझ्याकडचे सगळे अंक भिजून लगदा झाले. त्या कथा गेल्या, असंच मी धरून चालले होते. आणि तुमच्याकडे त्यांची गॅलीप्रुफं, छपाईआधी तपासायला काढलेले कागद, होती! सुतळीनं बांधलेली, कडेला तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. तात्या खणभागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. माझे वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी. पेढीची बिलबुकं त्याच छापखान्यात छापून व्हायची आणि ती आणायचं काम माझ्याकडे. गोष्टींचं वेड मला आजीनं लावलं होतं. चातुर्मासात ती माझ्याकडून ‘हरिविजय’ वाचून घ्यायची, रोज एक अध्याय. छत्तीस अध्याय संपेपर्यंत शेजारपाजारच्या बायका तिन्हीसांजेला येऊन बसायच्या. कृष्णाची गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी ‘उद्या काय’ म्हणून येत. तेव्हापासून माझ्या वहीतल्या गोष्टीही तुकड्यातुकड्यांनीच लिहिल्या जायच्या.

ती वही तुम्ही बिलबुकांच्या गठ्ठ्यावर पाहिलीत, उभ्याउभ्या वाचलीत आणि थेट मालकांपुढं नेऊन ठेवलीत. छापखान्याचं साप्ताहिक तेच काढायचे. शाळकरी पोरीला दर आठवड्याला दीड कॉलम मिळाला तो तुमच्या शब्दावर.

तुम्ही जुळवणी करताना मी तासन्‌तास शेजारी उभी राहिले आहे. काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा. तुमचा हात न बघता खणात जायचा, आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ उलटी वाढत जायची. उलट्या अक्षरांतली माझी गोष्ट तुम्ही सरळ वाचत होतात. अंक छापून झाला की मजकूर मोडायचा, खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. गेल्या आठवड्याची नायिका ज्या खिळ्यांनी उभी केली, त्याच खिळ्यांनी या आठवड्यात सोसायटीच्या निवडणुकीची बातमी उभी राहायची. म्हणूनच त्या प्रुफांचं मोल मला फार वाटतं. कागदाखेरीज मागं काहीच उरत नव्हतं, आणि तो कागद तुम्ही जपलात.

मजकूर जास्त झाला की कंपोझिटरनं खालच्या ओळी उडवायच्या, अशी सर्रास पद्धत. तुम्ही कधीच उडवल्या नाहीत. निरोप पाठवायचात, “येऊन तूच काप.” आणि मी कापत असताना जे शिकवलंत ते मला पुढं कोणी शिकवलं नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी मी ‘दारावर थाप पडली’ असं लिहून थांबले होते. तुम्ही म्हणालात, “पोरी, हितं थांबायचं न्हाई. दार उघड, कोण आलंय ते दाव. आता घरातल्या बाईनं त्याला आत घ्यायचं का न्हाई, हितं थांब. मग लोक आठवडाभर भांडतील.”

लोक खरंच भांडले. सलूनमध्ये, अडतीवर, आमच्या गल्लीतल्या नळावर. सोडून गेलेल्या नवऱ्याला तिनं आत घ्यावं की नाही, यावरून वडिलांचं आणि मालकांचं वाजलं, तेही तुम्हीच येऊन सांगितलंत. आलेलं माणूस कोण हे लपवलं असतं तर लोकांनी नुसता अंदाज बांधला असता. सांगून टाकल्यावर मात्र प्रत्येकाला आपापल्या घरातलं काहीतरी आठवलं. वाट बघायला लावायचं तर वाचकाच्या हातात विचार करण्याजोगं काही देऊन लावावं, हे मी आजही पाळते.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात हप्त्याहप्त्यानं लोकांपुढं आली, हे मला कॉलेजात कळायच्या आधी तुमच्याकडून कळलं. आपल्या शेटफळ्याच्या माडगूळकरांचं गीतरामायण 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा तुम्ही लहान होतात. वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीतं ऐकायला पेठेतल्या एका दुकानापुढं माणसं कशी जमायची, ते सांगताना तुम्ही स्टिक खाली ठेवायचात. एरवी तुमच्या हातातून ती सुटलेली मी पाहिली नाही.

पुढं साप्ताहिक बंद पडलं, छापखान्यात कॉम्प्युटर आले, तुम्ही घरी बसलात. मी बँकेत लागले, संसार झाला, पण शुक्रवारी एक भाग लिहायचा हे सुटलं नाही. आता ते भाग ओळखीच्या मंडळींना मोबाइलवर जातात. मिरजेच्या एक आजी नातवाकडून वाचून घेतात आणि लगेच फोन करून पुढचं विचारतात. मी सांगत नाही.

नवी गोष्ट हळदीच्या पेवांवर, जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांवर, काम करणाऱ्या एका बाईची आहे. पहिला भाग लिहून झालाय, पण तोडायचा कुठं यावर अडले आहे. दोन जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवल्यात. रविवारी सकाळी घेऊन येते. अक्षर मोठं काढलंय, चष्म्याची सबब चालणार नाही. काकूंना माझ्यासाठी चहा टाकायला सांगा.

आपली,
दिवाणजींची थोरली