आधी ईएमटी, मग इलेक्ट्रॉनिक्स

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ग्रीन कार्ड हातात आलं आणि आल्याआल्या तू शिकायचं मनावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण मध्येच "शेवटी कम्युनिटी कॉलेजच ते" असं लिहिलंयस, ते काही मला पटलं नाही. आधी तेवढं बोलून घेतो.

अमेरिकेत अशी, म्हणजे स्थानिक लोकांसाठीची दोन वर्षांच्या शिक्षणाची, हजारावर कॉलेजं आहेत. त्यातलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज म्हणजे इलिनॉयमधलं जॉलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ सालचं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४च्या जीआय बिलाखाली सरकारने उचलला, आणि नंतरच्या काळात ही कॉलेजं गावोगावी पसरली. प्रवेशाला कट-ऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. इंग्रजी-गणितात कुठवर आलास ते पाहतात आणि तिथून पुढे शिकवतात. दार सगळ्यांना उघडं असतं, म्हणून आपण ते हलकं समजतो. आत गेल्यावर मात्र कुणी सूट देत नाही. माझ्या वर्गात रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये येणारे लोक आहेत. त्यांच्याइतकं मन लावून शिकणारं मी आपल्या पदवीच्या वर्गात कुणी पाहिलं नव्हतं.

आता तुझा प्रश्न, ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे अँब्युलन्सवर रुग्णाला पहिली मदत करणारा) व्हायचं की इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं. माझं म्हणणं असं की आधी ईएमटी कर आणि मग इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजीला बस. यातलं एकच निवडायला हवं असं मुळीच नाही.

ईएमटी एका सत्रात होतं. साधारण दीडशे ते दोनशे तासांचा कोर्स, त्यातच अँब्युलन्सवर किंवा इमर्जन्सी विभागात प्रत्यक्ष रुग्ण पाहणं. शेवटी नॅशनल रजिस्ट्री या ईएमटींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग राज्याचा परवाना. वाचायला सोपं वाटतं, पण खरी कसोटी स्किल्सची. परीक्षक हातात यादी घेऊन उभा असतो. तू खोलीत शिरतोस. जमिनीवर 'रुग्ण' पडलेला. पहिल्यांदा हातमोजे, मग जागा सुरक्षित आहे का हे मोठ्याने बोलायचं, मग किती रुग्ण, काय झालं, आणखी मदत लागेल का. त्यानंतर कुठे रुग्णाजवळ जायचं. मलमपट्टी कितीही सुंदर केलीस, पण जागेची सुरक्षितता पाहायची राहिली, तर तिथेच नापास. जखमी होणारा मदतनीस म्हणजे आणखी एक रुग्ण, हे त्या यादीतून अंगात मुरतं. सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देण्याचंही, तसंच. मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे.

या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. १९६६ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा अपघाती मृत्यूंवरचा अहवाल आला, तेव्हा देशातली जवळपास निम्मी अँब्युलन्स सेवा अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या हातात होती, कारण माणूस आडवा नेता येईल अशी गाडी त्यांच्याचकडे असायची. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस अँब्युलन्स सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय तरुणांना, ज्यांना कुणी नोकरीला ठेवत नव्हतं, तिथे शिकवून तयार केलं, आणि तेच देशातल्या पहिल्या पॅरामेडिक्सपैकी (ईएमटीच्या वरचं शिक्षण घेतलेल्यांपैकी) ठरले. छोट्या कोर्सने काय होतं असं कुणी म्हटलं की मला ते आठवतात.

इलेक्ट्रॉनिक्स दोन वर्षांचं, साधारण साठ क्रेडिटची असोसिएट पदवी. डीसी, एसी, मग डायोड-ट्रान्झिस्टर, डिजिटल, पुढे मायक्रोकंट्रोलर आणि पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर. तू भौतिकशास्त्राचा, किरचॉफचे नियम तुला तोंडपाठ असतील. इथे मात्र ब्रेडबोर्डवर (सर्किट जोडून पाहायच्या पाटीवर) सर्किट चालत नाही आणि ते का चालत नाही हे मल्टिमीटर हातात घेऊन शोधावं लागतं. आधी सप्लाय, मग ग्राउंड, मग एकेका टप्प्यावर सिग्नल कुठवर येतोय ते पाहायचं. हा क्रमही ईएमटीसारखाच अंगवळणी पाडावा लागतो, आणि माझ्या मते या कोर्सचं खरं मोल यातच आहे.

आणि ही दोन्ही शिक्षणं एकमेकांना भेटतात, ते यंत्रांत. अँब्युलन्समधला डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, घे. आत साधारण शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो साधारण पावणेदोन हजार व्होल्टपर्यंत भरतो. अर्धा सीव्ही वर्ग हे साठलेल्या ऊर्जेचं सूत्र मांडून बघ, दीडशे ज्यूलच्या आसपास येतात, आणि जवळपास तेवढाच झटका छातीला दिला जातो. ईसीजीचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्ट, त्यात आजूबाजूच्या वायरिंगची ६० हर्ट्झची घुरघुर मिसळते. ती वेगळी कशी काढायची हे मी अँप्लिफायरच्या लॅबमध्ये शिकलो, पण ती रेघ स्वच्छ का हवी हे मला अँब्युलन्समध्ये कळलं होतं. म्हणून म्हणतो, आधी ईएमटी.

रुग्णालयातली ही यंत्रं तपासून दुरुस्त ठेवणारे बायोमेडिकल इक्विपमेंट टेक्निशियन असतात. त्या कामाला असोसिएट पदवी चालते, पुढे अनुभव घेऊन सीबीईटी हे प्रमाणपत्रही मिळवता येतं. तुझं मन माणसांत रमतं आणि हात यंत्रांत. तुला हे काम शोभेल, अगदी मनापासून सांगतो. नुसत्या ईएमटीच्या पगारावर घर चालवणं अवघड आहे, तेव्हा तिथेच थांबू नकोस.

पैशांचं थोडक्यात. तुझी पदवी भारतातली असली तरी ती पदवीच, त्यामुळे पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, धरून चालू नकोस. कॉलेजच्या हद्दीतल्या रहिवाशांना फी बरीच कमी पडते. तिथे राहून किती काळ व्हावा लागतो आणि पुरावा कोणता चालतो, हे ॲडमिशन ऑफिसात आधी विचार. कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपही विचार, पुष्कळ जण अर्जच करत नाहीत.

एक काम मात्र आजच सुरू कर. रुग्णांजवळ जायला लसींची नोंद लागते. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, त्यामुळे उशीर झाला तर सत्र हुकू शकतं. लहानपणी घेतल्या असशील तर आईकडून ते कार्ड मागवून घे. सापडलं नाही तर रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते का, तेही कॉलेजला विचार. आणि कोर्सचं माहितीपत्रक हाती आलं की मला पाठव, आपण फोनवर बसून एकेक विषय बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र